'होतं असं': भूल उतरतानाच्या थरथरीचा इतिहास

 

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. ऑपरेशननंतर रोग्याला सुटणारी थरथर हा विषय तुमच्याकडे आला कसा?" प्रश्न रास्त आहे. उत्तर एवढंच की विषय आमच्याकडे आला नाही, आम्हालाच त्याच्याकडे नेण्यात आलं. स्ट्रेचरवरून.

काही वर्षांपूर्वी आमची पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. खडे होते. पूर्ण भूल दिली होती. भूल चढतानाचं काही आठवत नाही, आठवतं ते जागं होणं. डोळे उघडण्याआधी कानांवर एक आवाज आला, टकटक टकटक असा. तो आमच्याच दातांचा आहे हे कळायला थोडा वेळ लागला. मग लक्षात आलं की सगळं अंगच हलतंय. जबडा, खांदे, मांड्या. खाटेचे कठडेसुद्धा वाजत होते. थांबवू म्हटलं तर थांबेना, आणि प्रत्येक हिसक्यासरशी पोटातल्या टाक्यांतून कळ निघे. आम्ही कसंबसं म्हटलं, "सिस्टर, थंडी..." त्या भल्या बाई म्हणाल्या, "होतं असं काका, भूल उतरताना. जाईल आपोआप." अंगावर आणखी एक चादर टाकून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. त्यांच्या वाट्याला सहा खाटा होत्या, त्यांना दोष देण्याचं कारण नाही. थोड्या वेळाने एक तरुण भूलतज्ज्ञ आल्या, त्यांनी शिरेत एक इंजेक्शन दिलं, आणि दोन-चार मिनिटांत नळ बंद करावा तशी थरथर थांबली.

घरी आल्यावर डोक्यात राहिलं ते दुखणं नव्हे, ते वाक्य. 'होतं असं.' तर्कशास्त्र शिकवण्यात ज्याची हयात गेली त्याला हे वाक्य सहजी गिळता येत नाही. ती गोष्ट वारंवार घडते एवढंच ते सांगतं. का घडते, हे सांगत नाही, आणि 'का' विचारायची गरज नाही असंही हळूच सुचवतं. आम्ही वाचायला बसलो, डॉक्टर मित्रांना पिडलं. तेव्हा कळलं की वैद्यकशास्त्रानेही या थरथरीला जवळजवळ दीडशे वर्षं हेच उत्तर दिलं होतं. सगळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचा प्रश्न व्हायला एवढा काळ का लागला, हा आजच्या व्याख्यानाचा विषय.

आधी शब्दांकडे जाऊ, कारण शब्द आपल्याआधी विचार करून बसलेले असतात. मराठीत थंडीने माणूस काकडतो, त्याला हुडहुडी भरते. भीतीने कापरं भरतं. अंगावर शहारा येतो तो थंडीनेही येतो आणि गाण्याच्या एखाद्या जागेनेही येतो. संस्कृतात 'वेपथु' असा शब्द आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन आपल्या शरीराची अवस्था सांगताना हा शब्द वापरतो, आणि कुरुक्षेत्रावर त्या दिवशी थंडी पडली होती असं कुणी म्हटलेलं नाही. सर्वांत बोलका शब्द 'हिवताप'. हीव म्हणजे थंडी आणि ताप म्हणजे उष्णता. दोन विरुद्ध गोष्टी एका शब्दात नांदताहेत. ज्या आजीने तो रोगी पाहिला असेल तिला हे कोडं दिसलंच असणार: अंगाला हात लावला तर चटका बसतो, आणि माणूस म्हणतो, अजून एक गोधडी घाला.

युरोपातही हा भेद जुना आहे. दुसऱ्या शतकातल्या गॅलेनने कंप, धडधड, आचके आणि हुडहुडी यांचा वेगवेगळा विचार करणारा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. म्हणजे अंग हलणं ही एकच गोष्ट नाही, हे प्राचीनांना माहीत होतं.

आणि आपला 'भूल' हा शब्द बघा. चकवा लागला की रानात भूल पडते, पायाखालची वाट माणूस विसरतो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर शरीरही काहीतरी विसरतं. काय विसरतं, ते पुढे येईल.

आता इतिहास. १६ ऑक्टोबर १८४६ या दिवशी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने एका रोग्याला इथर हुंगवलं आणि जॉन वॉरन यांनी त्याच्या मानेवरची गाठ काढली. रोगी ओरडला नाही. पुढच्याच वर्षी, १८४७च्या मार्चमध्ये, इथर कलकत्त्याला पोचलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एडिंबरात जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म आणलं. हे सर्वांना माहीत असतं. माहीत नसतं ते पुढचं. १८४८ साली, म्हणजे अवघ्या दोन वर्षांत, फ्रान्समध्ये द्युमेरिल आणि दमार्के या दोघांनी प्राण्यांवर प्रयोग करून एक निबंध छापला. निष्कर्ष सरळ होता. इथर किंवा क्लोरोफॉर्म दिलं की शरीराचं तापमान उतरतं.

मंडळी, इथे जरा थांबू या. १८४८. आपल्याकडे महात्मा फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली ते हे वर्ष. भूल दिलेलं शरीर थंड पडतं, हे तेव्हा छापून आलेलं होतं. मग त्या ज्ञानाचं पुढे काय झालं?

फारसं काही झालं नाही. आणि त्याची कारणं मूर्खपणाची नव्हती. पहिलं कारण म्हणजे त्या काळी भुलेखाली माणसं दगावत होती, आणि ज्या गोष्टीने माणूस मरतो तिकडे आधी लक्ष जाणार. क्लोरोफॉर्म आधी हृदय थांबवतं की श्वास, हा त्या शतकातला मोठा वाद. त्याच्या निकालासाठी निजामाच्या आश्रयाने हैदराबादेत १८८८ आणि १८८९ साली दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. आजचा मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. तिथले शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी यांचा आग्रह असा की श्वासाकडे पाहा, नाडीकडे नको. दुसऱ्या आयोगासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले, आणि वाद तरीही मिटला नाही. अशा वादात थरथरणाऱ्या रोग्याची बाजू कोण घेणार? जो थरथरतोय तो जिवंत आहे. डॉक्टरांच्या दृष्टीने ती आनंदाची बातमी होती.

दुसरं कारण उपकरणाचं. थर्मामीटर रोग्याच्या खाटेशी आला तो १८६०च्या दशकात. लाइपझिगच्या व्हुंडरलिश यांनी सुमारे २५,००० रोग्यांच्या नोंदी जमवून १८६८ साली ग्रंथ लिहिला. ३७ अंश हा आकडा आपल्या डोक्यात बसला तो तिथून. त्याच सुमारास इंग्लंडात ऑलबट यांनी वीतभराहून लहान, पाच मिनिटांत तापमान दाखवणारा थर्मामीटर आणला. पण हे उपकरण आलं तापाच्या वॉर्डात. ताप चढला का, हे पाहायला. शरीर थंड पडलं का, हे पाहायला तो काढायची सवय कुणाला नव्हती. आजही आपल्या घरात थर्मामीटर बाहेर निघतो तो कपाळ गरम लागल्यावर, गार लागल्यावर नव्हे.

एका व्यक्तीने मात्र नेमकं बोट ठेवलं होतं, आणि ती डॉक्टर नव्हती. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९-६०च्या आपल्या परिचर्येवरच्या पुस्तकात बजावलं की अशक्त रोग्याची प्राणोष्णता कमी होते, परिचारिकेने अधूनमधून त्याचे पाय चाचपून पाहावेत आणि गार लागले तर शेकावेत. थर्मामीटरविना, नुसत्या तळहाताने. ज्ञान कुणाच्या हातात आहे यावर त्याला शास्त्र म्हणायचं की बायकांची काळजी म्हणायचं, हे ठरत असे. अजूनही ठरतं, असं आमच्या घरातून सांगण्यात आलं आहे.

थरथर म्हणजे नेमकं काय, याचं उत्तर १८९०च्या दशकात पॅरिसच्या शार्ल रिशे यांनी दिलं. पुढे वेगळ्याच संशोधनासाठी त्यांना नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं असं की हुडहुडी हा बिघाड नाही, ती उष्णता निर्माण करण्याची व्यवस्था आहे. स्नायू आकुंचन पावले की उष्णता तयार होते. चालताना त्या आकुंचनातून काम निघतं आणि उष्णता जोडीला येते. थरथरताना बाहेरचं काम शून्य, सगळी उष्णताच. ही व्यवस्था दोन वाटांनी जागी होते असंही रिशे यांनी मांडलं: कातडीला लागलेल्या गारठ्याने आणि आत वाहणाऱ्या गार रक्ताने. म्हणजे शरीर स्वतःची शेकोटी पेटवतं, आणि सरपण स्वतःच्याच कोठारातलं वापरतं.

आता विसाव्या शतकात येऊ. १९३४ साली अमेरिकेत पेंटोथॉल शिरेतून देणं सुरू झालं. १९४२ साली माँट्रियलमध्ये हॅरोल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी स्नायू सैल करणारं क्युरारे भुलेच्या जोडीला वापरलं. १९५६ साली मँचेस्टरमध्ये हॅलोथेन आलं. शस्त्रक्रिया लांबल्या. मिनिटांचं काम तासांवर गेलं. छाती आणि पोट तासन्‌तास उघडं ठेवणं शक्य झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर रोग्यांना शुद्धीवर येईपर्यंत एकत्र ठेवणाऱ्या खोल्या सर्वत्र झाल्या, आणि पूर्वी वॉर्डाच्या कोपऱ्यात विखुरलेली थरथर एका छताखाली दिसू लागली.

दिसू लागल्यावर तिला नाव मिळालं. पेंटोथॉलनंतर दिसली तर 'पेंटोथॉल शेक्स', हॅलोथेननंतर दिसली तर 'हॅलोथेन शेक्स'. बरं का, नाव देणं म्हणजे पुष्कळदा आरोप ठेवणं असतं. इथे आरोप औषधावर होता. पण मग औषध बदललं तरी थरथर राहते कशी? इथे आमच्या शास्त्राचा थोडा उपयोग होतो. न्यायदर्शनात अनुमानाचा एक प्रसिद्ध दोष सांगतात. धूर असेल तिथे अग्नी असतो, हे ठीक. पण उलट चालत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. अग्नीपासून धूर निघायला ओलं सरपण लागतं. या लपलेल्या अटीला नैयायिक 'उपाधि' म्हणतात. उपाधि सापडेपर्यंत आपण चुकीच्या गोष्टीला कारण समजत राहतो. थरथरीच्या इतिहासात या ओल्या सरपणाचा शोध लागायचा होता.

तो लागण्याआधी एक गंमतशीर वळण आलं. डॉक्टरांनाच रोगी थंड करावासा वाटू लागला.

१९५०च्या सुमाराची गोष्ट. हृदय उघडून दुरुस्त करायचं, तर रक्तप्रवाह काही मिनिटं थांबवावा लागतो, आणि तेवढ्यात मेंदू मरतो. टोरांटोच्या विल्फ्रेड बिगेलो यांना वाटलं, शरीर गार केलं तर त्याची प्राणवायूची गरज घटेल. आधीचे लोक म्हणत होते की नाही, गार केलेल्या प्राण्याची गरज उलट वाढते. बिगेलो यांनी कुत्र्यांवर दाखवून दिलं की ती वाढ गारठ्याची नाही, थरथरीची आहे. भूल खोल करून थरथर दाबली की तापमानाबरोबर गरजही उतरत जाते. २ सप्टेंबर १९५२ रोजी मिनेसोटात जॉन लुइस यांनी पाच वर्षांच्या एका मुलीला २८ अंशांपर्यंत गार करून तिच्या हृदयातलं छिद्र शिवलं. मूल जगलं. ज्या थरथरीकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं, ती आता वाटेतली धोंड म्हणून का होईना, अभ्यासाचा विषय झाली.

याच काळात फ्रान्समध्ये नौदलाचे शल्यचिकित्सक आंरी लाबोरी हे 'कृत्रिम शीतनिद्रे'च्या मागे लागले होते. शस्त्रक्रियेच्या आघाताला शरीर जो प्रतिकार करतं, तोच कधीकधी घातक ठरतो, असा त्यांचा विचार. त्या प्रतिकारात थरथरही आली. ती दाबण्यासाठी त्यांनी औषधांचं एक मिश्रण वापरलं, त्यात क्लोरप्रोमेझिन हे नवं औषध होतं. त्यांच्या लक्षात आलं की ते घेतल्यावर रोगी जागा असूनही विलक्षण निर्विकार राहतो. त्यांनी मनोविकारतज्ज्ञांना गळ घातली, आणि १९५२ साली पॅरिसमध्ये ते मनोरुग्णांना देऊन पाहण्यात आलं. आधुनिक मनोविकारचिकित्सेतल्या औषधांचं युग तिथून सुरू झालं. थरथर थांबवायला निघालेला माणूस मनाच्या दाराशी जाऊन पोचला. तत्त्वज्ञानाच्या माणसाला यापेक्षा आणखी काय हवं?

लाबोरींच्या त्याच मिश्रणात पेथिडिन होतं. १९३०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत, पोटातल्या पेटक्यांवर औषध शोधताना ते हाती लागलं आणि वेदनाशामक ठरलं. पुढे ध्यानात आलं की त्याचा छोटासा डोस, साधारण २५ मिलिग्रॅम, ऑपरेशननंतरची थरथर झटक्यात थांबवतो, आणि अफूच्या कुळातल्या इतर औषधांपेक्षा सरस थांबवतो. पण ते त्या कुळातलं असल्याने त्यावर कायद्याचा कडक पहारा. म्हणून आपल्याकडे ट्रॅमाडॉल पुष्कळ वापरलं जातं. आमच्या शिरेत गेलं ते तेच. ध्यानात घ्या, उपाय आधी सापडला, कारण नंतर. वैद्यकात हे नवं नाही.

कारण उलगडलं ते १९८०च्या आणि १९९०च्या दशकांत. यात सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डॅनियल सेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा वाटा मोठा आहे. त्यांनी सांगितलेली गोष्ट आपल्या भाषेत अशी.

आपल्या मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या भागात, तापमानाचा एक राखणदार बसलेला आहे. तो भलता कडक आहे. आतलं तापमान एका अंशाच्या काही दशांशांनीच इकडेतिकडे झालं की तो हालचाल करतो. गार पडू लागलं तर आधी हातापायांकडच्या रक्तवाहिन्या आवळतो, त्याने भागलं नाही तर हुडहुडी सोडतो. भूल दिली की हा राखणदार सुस्तावतो. काही दशांशांवर जागा होणारा माणूस आता दोन ते चार अंशांचा फरक पडेपर्यंत डोळे उघडत नाही. मघाशी विचारलं होतं, शरीर काय विसरतं? आपल्याला किती गरम असायला हवं, हे विसरतं.

वाहिन्या सैलावतात. आतापर्यंत छाती, पोट आणि डोकं यांत जपून ठेवलेलं गरम रक्त हातापायांत पसरतं. पहिल्या तासात आतलं तापमान एक ते दीड अंश उतरतं, ते मुख्यतः या वाटपामुळे. घरातला पैसा अजून बाहेर गेलेला नाही, पण तिजोरीतून ओसरीवर आला आहे. मग तो बाहेरही जाऊ लागतो. उघडं अंग, त्यावर पुसलेलं गार औषध, शिरेतून जाणारं गार सलाईन, आणि वर एसी. १९७०च्या सुमारास अमेरिकेत पाहणी झाली होती, तिच्यात २१ अंशांखालच्या थिएटरात रोग्यांचं तापमान घसरलेलं आढळलं. आता थिएटरचं तापमान ठरवतं कोण? अंगावर गाऊन, हातमोजे, टोपी चढवून प्रखर दिव्यांखाली उभी असलेली माणसं. त्यांना उकडतं, आणि ते खरंच असतं. ज्याला गारठा लागतोय तो एकटाच उघडा आहे, आणि त्या खोलीत ज्याला बोलता येत नाही असाही तो एकटाच आहे. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी बाहेर ४५ अंश असताना आत एक माणूस ३५ अंशांवर पोचलेला असू शकतो. आणि तो अगदी स्वस्थ पडलेला असतो. हा आपला तापलेल्या लोखंडाचा गोळा. अग्नी आहे, धूर नाही.

मग शस्त्रक्रिया संपते, औषध बंद होतं, राखणदार जागा होतो. तो पाहतो तर ३७ हवेत तिथे ३५. तो आपलं काम करतो. सुटते हुडहुडी. नुसता गारठा किंवा नुसतं औषध तिचं कारण नाही. आतला गारठा आणि जागा होणारा राखणदार यांची गाठ पडते, तेव्हा ती सुटते. ओलं सरपण सापडलं. आजीच्या हिवतापाचंही कोडं इथेच सुटतं. तिथे शरीर गार नसतं, राखणदाराची मागणीच वर गेलेली असते. त्याला ३९ हवे असतात आणि शरीर ३७वर असतं. हुडहुडी दोन्हीकडे सारखीच, कारण फरक तेवढाच.

आता मनाला बरं वाटून इथेच थांबता आलं असतं. पण तसं झालं नाही. १९९०च्या दशकाच्या अखेरीस काही रोग्यांना शस्त्रक्रियाभर काळजीपूर्वक ऊबदार ठेवून पाहिलं, आणि त्यांतल्याही काहींना थरथर सुटली. गार न पडता. स्नायूंच्या विद्युत नोंदी पाहिल्यावर दोन जाती दिसल्या. एक नेहमीची, थंडीतल्यासारखी चढत-उतरत जाणारी. दुसरी ठरावीक ठेक्याची, मज्जारज्जूवरचा मेंदूचा अंकुश अजून पुरता परतलेला नसताना दिसते तशी. काहींच्या बाबतीत वेदना हेही कारण असावं असं दिसलं, कारण वेदना शमवली की थरथर कमी होते. म्हणजे 'थरथर आहे म्हणून थंडी आहे' हे अनुमानही पक्कं नाही. नैयायिक याला सव्यभिचार हेतू म्हणतील. अर्जुनाची साक्ष अगदीच फुकट गेली नाही.

एवढ्या चर्चेनंतर कुणी म्हणेल, ठीक आहे, पण थरथरीने बिघडतं काय? हा प्रश्न महत्त्वाचा आहे. थरथरताना प्राणवायूची गरज खूप वाढते, दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होऊ शकते. टाके ताणले जातात. रक्तदाब आणि प्राणवायू मोजणाऱ्या यंत्रांना नीट मोजता येत नाही. किती जणांना हे होतं, याचे आकडे निरनिराळ्या अभ्यासांत ५ टक्क्यांपासून ६५ टक्क्यांपर्यंत आहेत. तरुणांना जास्त, म्हाताऱ्यांना कमी. आम्हाला झालं याचा आम्हाला थोडा अभिमान वाटायला हरकत नव्हती.

थरथरीमागच्या गारठ्याचा हिशेब अधिक गंभीर निघाला. १९९६ साली व्हिएन्नात आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या २०० रोग्यांवर झालेला अभ्यास छापून आला. नेहमीच्या पद्धतीने थंड पडू दिलेल्यांत जखम चिघळण्याचं प्रमाण १९ टक्के, ऊबदार ठेवलेल्यांत ६ टक्के. पुढच्याच वर्षी बाल्टिमोरच्या ३०० रोग्यांच्या अभ्यासात हृदयाच्या गंभीर तक्रारी गारठलेल्यांत ६.३ टक्के, ऊबदार ठेवलेल्यांत १.४ टक्के निघाल्या. द्युमेरिल आणि दमार्के यांच्या निबंधाला तेव्हा जवळजवळ दीडशे वर्षं झाली होती. त्यानंतर मात्र वेगाने बदल झाला. गरम हवेची पांघरुणं आली, सलाईन कोमट करून देणं आलं, मार्गदर्शक तत्त्वं आली. तळपाय चाचपून पाहणाऱ्या नाइटिंगेलबाईंना अखेर आकड्यांचा पाठिंबा मिळाला.

कथा इथे संपवली तर टाळ्या मिळतील, पण ती पुरी होणार नाही. २०२२ साली सेस्लर यांच्याच नेतृत्वाखाली पाच हजारांहून अधिक रोग्यांवर केलेला अभ्यास छापून आला. एका गटाला ३७ अंशांपर्यंत तापवून ठेवलं, दुसऱ्याला ३५.५पर्यंत उतरू दिलं. हृदयाची इजा, जखमेतला संसर्ग, कशातच लक्षणीय फरक दिसला नाही. ३५.५च्या खाली जाऊ देऊ नये, एवढं ठीक, त्यावर आणखी तापवून हा लाभ मिळत नाही, असा त्याचा सरळ अर्थ. ज्या माणसाने ऊब देण्याची बाजू हयातभर मांडली, त्यानेच हा निकाल छापला, याबद्दल आम्हाला आदर वाटतो.

पण त्यातून आमच्यासारख्याला पडणारा प्रश्न वेगळा आहे. समजा उद्या असं ठरलं की माफक गारठ्याने जखम चिघळत नाही, हृदय बिघडत नाही, मुक्काम लांबत नाही. मग त्या थरथरीला पुन्हा 'होतं असं' म्हणायचं का?

आमचं उत्तर, नाही. शस्त्रक्रियेतून उठलेल्या कितीतरी माणसांनी सांगून ठेवलंय की दुखण्यापेक्षा ती थंडी अधिक लक्षात राहिली. सिझेरियन झालेल्या बायकांना विचारा, कमरेखाली बधिर आणि वरचा भाग थडथडतोय, आणि त्याच वेळी बाळ हातात दिलेलं. घट्ट धरवत नाही. हे त्रास कुठल्या तक्त्यात येत नाहीत, कारण तासाभरात त्यांची खूण उरत नाही. खूण उरली नाही म्हणून त्रास झाला नाही असं होत नाही. दीडशे वर्षं थरथरीकडे दुर्लक्ष झालं ते माहिती नव्हती म्हणून नव्हे. माहिती १८४८ पासून होती. ज्याला त्रास होत होता त्याची शुद्ध पुरती आलेली नव्हती, आणि शुद्ध आली तोवर त्रास गेलेला होता. दोन्ही वेळा त्याचं म्हणणं नोंदवायला कुणाला कारण नव्हतं. रोग्याला ऊब द्यायला जंतुसंसर्गाचा पुरावा लागावा, ही गोष्ट आम्हाला थोडी विचित्र वाटते. तो काकडतोय, एवढं कारण पुरे आहे.

तुमच्यापैकी कुणाची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर भूलतज्ज्ञांशी आधी बोलताना हेही बोला. पूर्वी भूल उतरताना हुडहुडी भरली होती का, ते सांगा. आत नेण्याआधी अंगावर ऊबदार पांघरूण मिळेल का, असं संकोच न करता विचारा. अर्धा तास आधी हातपाय ऊबदार ठेवले तर आतली उष्णता पसरण्याचं प्रमाण कमी होतं, हे सिद्ध झालेलं आहे. आणि जागं झाल्यावर थंडी वाजली तर सांगा. चादर मागा, मग पुन्हा सांगा.

बरं, दहा-पंधरा मिनिटं आहेत, प्रश्न घेऊ या. त्याआधी कुणीतरी तो एसी जरा कमी करा. मागच्या रांगेतल्या बाई मघापासून पदर ओढून बसल्या आहेत, आणि आम्ही आपले कोट घालून बोलतोय.